तिथलच्या वाळूतले डांबरगोळे आणि जुबैलची खाडी

जुनाबडोदेकर · १ जून, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

गेल्या शनिवारी लेक, जावई आणि नातवाबरोबर वलसाडजवळ तिथलच्या किनाऱ्याला जाऊन आलो. नातू सहा वर्षांचा. वाळूत अनवाणी पळून आला तर दोन्ही तळवे काळे, चिकट. डांबरगोळे. मे-जूनमध्ये वारा फिरला की दक्षिण गुजरातपासून गोव्यापर्यंत ते किनाऱ्याला लागतात. जहाजांच्या टाक्या धुतलेलं पाणी, कुठली तरी गळती. त्यातला हलका भाग उडून जातो आणि जड तेलाचे गोळे होतात. साबणाने निघत नाहीत. हॉटेलवाल्याकडून खोबरेल मागून आणलं, चोळलं, जुन्या पंचाने पुसलं. तेव्हा तो वास आला आणि पुढचा तासभर मला कोणाशी बोलवेना. लेकीने विचारलं तेव्हा तिला थोडंफार सांगितलं. पण घरात सांगताना बरंच सुटतं, म्हणून इथे नीट लिहितो.

मी १९८८ ते १९९३ सौदी अरेबियात जुबैलला होतो. इन्स्ट्रुमेंटेशनचं काम, एका ठेकेदार कंपनीकडून. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं, १७ जानेवारी १९९१ ला बॉम्बफेक सुरू झाली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तेलाची बातमी आली. कुवेतच्या मिना अल अहमदीसमोर भर समुद्रात 'सी आयलंड' नावाचा टँकर भरायचा धक्का होता. किनाऱ्यावरच्या टाक्यांमधलं तेल समुद्राखालच्या पाइपांतून तिथे यायचं. इराकी फौजेने ते सरळ समुद्रात सोडलं, बंदरातल्या टँकरांमधलंही सोडलं. अमेरिकन सैनिक समुद्राकडून उतरू नयेत म्हणून हे केलं, असं अमेरिका म्हणाली. तुमच्याच बॉम्बने आमचे टँकर फुटले, असं इराक म्हणाला. २६ जानेवारीच्या रात्री अमेरिकन विमानांनी किनाऱ्यावरची मॅनिफोल्डची, म्हणजे पाइप जिथे एकत्र येतात ती, ठाणी उडवली, तेव्हा मोठा प्रवाह थांबला. बारीक गळती पुढे कितीतरी आठवडे चालूच होती.

किती तेल गेलं? ४० लाख बॅरलपासून १ कोटी १० लाख बॅरलपर्यंत अंदाज आहेत. ६० लाख धरू. एका बॅरलमध्ये १५९ लिटर, म्हणजे ९५ कोटी लिटर. कोयलीच्या रिफायनरीच्या रस्त्यावर उभे असतात तसे बारा हजार लिटरचे टँकर डोळ्यांपुढे आणा. तसे जवळपास ऐंशी हजार. दोनच वर्षांपूर्वी अलास्कात एक्सॉन व्हाल्डिझ जहाज फुटलं होतं आणि जगभर गाजलं होतं. हे त्याच्या वीसपटींहून जास्त.

तिथल्या इराणच्या आखातात हिवाळ्यात वायव्येकडून 'शमाल' वारा सुटतो. त्याने तेल सौदी किनाऱ्याच्या कडेकडेने दक्षिणेला, म्हणजे आमच्याकडे ढकललं. जुबैलला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा जगातला सगळ्यांत मोठा प्रकल्प होता. तिथलं पाणी पाइपलाइनने थेट रियाधला जायचं. आपल्या आज्व्याच्या तळ्यात कोणी तेल ओतलं तर बडोद्याचं काय होईल, तसंच. समुद्राचं पाणी आत घेण्याच्या तोंडावर बूम लावायच्या होत्या, एकामागे एक, अनेक रांगा. बूम म्हणजे पाण्यावर तरंगणारी जाड नळी आणि तिच्याखाली लोंबणारा पडदा. आमचं खरं काम मीटर-व्हॉल्व्हचं, पण त्या दिवसांत ज्याला दोन हात होते तो दोऱ्या ओढत होता. रात्री क्षेपणास्त्रांचे सायरन, दिवसा दोऱ्या.

आणि मग तेल आलं. समुद्राचा आवाज गेला, हे मला सगळ्यांत आधी जाणवलं. लाट येत होती, पण फुटत नव्हती. जाड गोधडी कोणी खालून हलवावी तशी वर-खाली व्हायची, आणि किनाऱ्याला लागताना लोण्याचा गोळा आपटल्यासारखा 'थप्प' असा आवाज यायचा. ताजं तेल काळं असतं, पण पाण्यात घुसळून घुसळून त्याचं तपकिरी, खरवसासारखं थुलथुलीत होतं. त्यात तीन भाग पाणी आणि एक भाग तेल. म्हणजे जितकं सांडलं त्याच्या तिप्पट-चौपट उचलायचं.

पाणी वाचलं, प्रकल्प चालू राहिला. स्किमरने, म्हणजे पाण्यावरचं तेल खरवडून घेणाऱ्या यंत्राने, आणि सक्शन टँकरने दहा लाख बॅरलहून जास्त तेल परत गोळा झालं. किनाऱ्यावर वाळूत खड्डे खणून त्यात भरून ठेवलं होतं. तेवढं तेल त्याआधी जगात कुठल्याच गळतीतून परत मिळालेलं नव्हतं. याचा अभिमान मला आजही आहे. पण मला सांगायचंय ते उरलेल्या तेलाबद्दल. आज डोळे दुखताहेत, उद्या लिहितो.

---

विश्वामित्री · १ जून, रात्री १०:०२

काका, लिहाच. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात आमच्या तळमजल्यात चार फूट पाणी होतं. पाणी ओसरल्यावर भिंतीवर एक काळी रेघ राहिली. चिखलाची नव्हे, तेलाची. शेजारच्या गॅरेजमधलं आणि बुडालेल्या गाड्यांमधलं तेल पाण्यावर तरंगत आलं होतं. दोनदा रंग दिला, तरी पावसाळी हवेत ती रेघ वर येते. तुमची गोष्ट वाचताना तीच आठवली. तेवढ्याशा तेलाने हे, तर तिथे काय झालं असेल.

---

केवडाबाग · १ जून, रात्री १०:४०

वाचतेय. माझी मावशी आणि काका तेव्हा कुवेतमध्ये होते. ऑगस्ट १९९० मध्ये सगळं टाकून, बसने इराकमार्गे जॉर्डनला, अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय तसे परत आले. मावशी दांडिया बाजारात आमच्याकडे उतरली तेव्हा तिच्याजवळ एक पिशवी होती. पुढे जानेवारीत टीव्हीवर तेलात माखलेला पाणकावळा दाखवायचे. ती उठून आत जायची. "आमचा समुद्र गं तो," म्हणायची. आम्हाला तेव्हा कळायचं नाही की परक्या देशातल्या समुद्राला ती 'आमचा' का म्हणते.

---

जुनाबडोदेकर · २ जून, रात्री ८:३०

केवडाबाग ताई, मावशींना नमस्कार सांगा. माझंही तेच होतं.

तर, उरलेलं तेल. नकाशा काढून बघा. जुबैलच्या उत्तरेला अबू अली नावाचं बेट आहे, रस्त्याने मुख्य भूमीला जोडलेलं. आखातात आडवा पसरलेला हात म्हणा. दक्षिणेला चाललेलं तेल त्या हाताने अडवलं. म्हणून दक्षिणेकडचा किनारा आणि बहारीन वाचले. आणि म्हणूनच त्या हाताच्या कुशीत आणि वर उत्तरेला ज्या उथळ, शांत खाड्या आहेत त्या भरल्या. दौहत अद-दफी, दौहत अल-मुसल्लमिया. एकूण सातशे किलोमीटरच्या आसपास सौदी किनारा माखला. बडोद्याहून किनाऱ्या-किनाऱ्याने रत्नागिरीकडे निघालात तर जितकं चालाल, साधारण तितका.

पक्षी तीस हजारांच्या घरात मेले, असा अंदाज आहे. पाणकावळे आणि डुबक्या सगळ्यांत जास्त, कारण ते बुडी मारून मासे धरतात. जुबैलला पक्षी धुवायचं केंद्र उघडलं होतं. सुट्टीच्या दिवशी मी दोनदा गेलो. एकाने पक्षी धरायचा, दुसऱ्याने कोमट पाण्यात साबण घालून धुवायचा, पिसांमधून बोटं फिरवत. एक पक्षी धुवायला अर्धा-पाऊण तास. आंघोळ घालताना तान्हं बाळ थरथरतं तसा तो थरथरायचा. वाचायचे त्यांपेक्षा न वाचणारेच जास्त. तोवर चोचीने पिसं साफ करताना तेल पोटात गेलेलं असायचं.

चांगलं झालं तेही सांगतो. करान नावाचं छोटं प्रवाळबेट आहे, तिथे हिरवी कासवं अंडी घालायला येतात. हंगाम सुरू व्हायच्या आत तिथली तेलकट वाळू उचलून नेली. कासवं आली, अंडी घातली. ही बातमी आमच्या कॅम्पात कळली तेव्हा केरळच्या पोरांनी पायसम केलं होतं.

पण खाड्यांकडे कोणी वळलं नाही. तेव्हाचा हिशोब समजण्यासारखा होता: युद्ध चालू, पिण्याचं पाणी आधी, बंदर आधी, कारखान्यांचं थंडाव्याचं पाणी आधी. खाडीत गाळ, तिथे गाडी रुतते, माणूस रुततो. भरतीची शेवटची लाट जिथपर्यंत पोचते तिथे खारवट झुडपं, आणि त्यांच्यामधली सगळी जमीन खेकड्यांच्या बिळांनी चाळणीसारखी. तेल आलं भरतीबरोबर आणि ओहोटीला त्या बिळांमध्ये उतरलं. हातभर खोल. वरून पाहणाऱ्याला वाटायचं, पातळ थर आहे, उन्हाने जाईल.

मी १९९३ मध्ये परत यायच्या आधी तिथे एकदा जाऊन आलो. उघड्या किनाऱ्यावर, जिथे लाटा आपटतात, तिथे वाळू बरीच स्वच्छ झाली होती. समुद्राने स्वतः धुतली. आणि ज्या शांत खाडीत लाटच नव्हती तिथे दोन वर्षांपूर्वीचं तेल तसंच होतं. वर कडक पापुद्रा, खाली ओलं. एकही खेकडा नाही. मला वाटतं, आमची चूक तिथे झाली. ज्या जागेला समुद्र स्वतः धुणार होता तिथे आम्ही यंत्रं लावली, आणि जिथे समुद्राचा हात पोचत नव्हता त्या जागा त्याच्यावरच सोडल्या.

---

रावपुरा · २ जून, रात्री ९:१५

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून बोलतो. त्या युद्धात हजारो माणसं मेली. नंतर निर्बंधांमुळे इराकमधली लहान मुलं औषधावाचून मेली. आणि आपण इथे खेकड्यांची बिळं मोजतोय. मला हे पटत नाही. आधी माणूस, मग बाकीचं.

---

जुनाबडोदेकर · २ जून, रात्री ९:५०

रावपुरा, तुमचं म्हणणं मनाला लागलं आणि लागायलाच हवं. माणूस आधी, यात वाद नाही. पण त्या किनाऱ्यावर माणूस आणि खेकडा वेगळे काढता येत नाहीत. १९९२ मध्ये सौदीच्या कोळंबीचा हंगाम कोसळला. तारूत, कतीफ, दारीनचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगत होते. कोळंबीची पिल्लं वाढतात त्याच उथळ खाड्यांमध्ये, समुद्री गवतात. पाणी पिण्याचं वाचलं म्हणून रियाध राहिलं. आणि तेल उचलणारे कोण होते? आपली, फिलिपिन्सची, बांगलादेशची माणसं. आमच्या ठेकेदार कंपनीने साधे रबरी हातमोजेसुद्धा दोन आठवड्यांनी दिले. मास्क कधीच नाही. संध्याकाळी डोकं इतकं चढायचं की जेवण जात नसे. माझ्याबरोबरच्या एकाच्या हातांची कातडी सोलून निघाली होती.

त्याआधीचंही एक सांगतो. इराण-इराक युद्धात १९८३ मध्ये इराणच्या नवरोझ तेलक्षेत्रातल्या विहिरी फुटल्या. एका प्लॅटफॉर्मला जहाज धडकलं होतं, मग मार्चमध्ये इराकने हल्ला केला. तिथे तेल वाहत राहिलं, कारण लढाई चालू असताना दुरुस्तीला जाणार कोण? शेवटी तोंडं बंद केली, एक १९८३ च्या सप्टेंबरात, दुसरं १९८५ च्या मेमध्ये. त्या दोन कामांत वीस माणसं गेली. तेल बंद करता करता मेलेली माणसं ती.

---

रावपुरा · २ जून, रात्री १०:२०

हे वीस जण मला माहीत नव्हते. वाचतोय पुढे.

---

सूक्ष्मदर्शक · ३ जून, सकाळी ११:३०

मी एम. एस. युनिव्हर्सिटीत मायक्रोबायॉलॉजी शिकले आणि पुढे बरीच वर्षं शिकवलं. काकांनी लिहिलेल्या त्या "कडक पापुद्र्या"बद्दल थोडं, कारण सगळी गोम तिथेच आहे.

तेल खाणारे जीवाणू समुद्रात सगळीकडे असतात. इराणच्या आखातात तर जास्तच, कारण तिथे तळातून तेल नैसर्गिकरीत्या झिरपत आलेलं आहे. पण त्यांना जेवायला तेलाबरोबर तीन गोष्टी लागतात: प्राणवायू, नायट्रोजन आणि फॉस्फरस. पाण्यावर तरंगणाऱ्या तेलाला प्राणवायू मिळतो. गाळात एक वीत खाली तो नसतो. तिथे तेल लोणच्याच्या बरणीतल्या फोडीसारखं वर्षानुवर्षं टिकतं.

१९९१-९२ मध्ये त्या खाड्यांमध्ये तेलाच्या थरावर नीलहरित जीवाणूंची, म्हणजे सायनोबॅक्टेरियाची हिरवी-काळी चादर पसरली. सुरुवातीला शास्त्रज्ञ आनंदले. सजीव परत आले, आता हे तेल संपवतील. काही वर्षांनी उलटं दिसलं. एरवी या चादरीवर गोगलगाई आणि खेकडे चरतात, ती पातळ राहते. तेलाने तेच मेले होते. मग चादर जाड झाली, वाळून तडकली, तिच्या पापड्या झाल्या, आणि खालच्या तेलावर झाकण बसलं. हवा बंद, पाणी बंद. खारवट झुडपांच्या बियांना रुजायला जमीन नाही. २००२-०३ मध्ये त्या सगळ्या किनाऱ्याची मोठी पाहणी झाली, हजारो खड्डे खणून. बारा वर्षांनंतरही तेल होतं, आणि सगळ्यांत जास्त याच खाजणांमध्ये.

लोक नेहमी विचारतात, "तेल खाणारा बॅक्टेरिया का नाही सोडत?" आनंद मोहन चक्रवर्तींनी अमेरिकेत असा जीवाणू घडवला होता, त्याच्या पेटंटचा खटला १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात जिंकलाही गेला. पण तो खुल्या समुद्रात कधी वापरला गेला नाही. आपल्याकडे टेरी या संशोधन संस्थेने 'ऑइलझॅपर' नावाचं जीवाणूंचं मिश्रण तयार केलं. गुजरातच्या तेलक्षेत्रांतल्या तेलकट गाळावर ते वापरलं गेलं, कुवेतच्या तेलमातीवरही. तिथे ते चालतं, कारण माती उकरता येते, पालटता येते, खत-पाणी देता येतं. म्हणजे शेतीच ती. भरतीच्या पाण्यात टाकलंत तर वाहून जाईल. मी विद्यार्थ्यांना सांगायचे की जीवाणू कमी पडत नाहीत, त्यांना श्वास कमी पडतो.

---

विश्वामित्री · ३ जून, दुपारी १:०५

ताई, किती सोपं करून सांगितलंत. पण मग गरम पाण्याचा फवारा मारून तेल धुवून का काढत नाहीत?

---

सूक्ष्मदर्शक · ३ जून, दुपारी २:४०

अलास्कात तेच केलं. खडकांवर गरम पाणी, मोठ्या दाबाने. तेल निघालं आणि तेलातून जगलेले शिंपले, शेवाळ सगळं शिजून मेलं. न धुतलेले खडक काही ठिकाणी लवकर सावरले. मऊ गाळात तर फवारा तेल आणखी खाली ढकलतो. नुसतं पायाने तुडवलं तरी ढकललं जातं.

---

न्यायमंदिर · ३ जून, रात्री ९:००

वकिलीतली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी.

शांततेच्या काळात टँकर फुटला तर पैसे कोण देणार हे ठरलेलं आहे. १९६९ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, १९९२ मध्ये सुधारलेला. त्याने जहाजमालक बांधलेला असतो, चूक असो वा नसो. त्याला विमा सक्तीचा. तो पुरला नाही तर वेगळा आंतरराष्ट्रीय निधी आहे. पण दोन्हीकडे एक अपवाद लिहिलेला आहे: युद्ध. गळती युद्धकृत्यामुळे झाली असेल तर मालक सुटला, निधीही सुटला. म्हणजे सगळ्यांत मोठ्या गळत्यांना कोणी वालीच नाही.

आता युद्धाचा कायदा बघा. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये एक पुरवणी जोडली. तिच्या ३५ आणि ५५ व्या कलमांत निसर्गाची "व्यापक, दीर्घकालीन आणि गंभीर" हानी करायला मनाई आहे. तिन्ही शब्द एकाच वेळी सिद्ध व्हावे लागतात. इराक तेव्हा या पुरवणीत नव्हता, अमेरिका आजही नाही.

१९९१ चं प्रकरण वेगळं घडलं ते सुरक्षा परिषदेमुळे. एप्रिल १९९१ च्या ठराव ६८७ ने इराकला कुवेतवरच्या स्वारीतून झालेल्या नुकसानीला जबाबदार धरलं आणि त्यात पर्यावरणाची हानी स्पष्ट शब्दांत घातली. जिनिव्हाला भरपाई आयोग बसला. पैसे इराकच्या तेलविक्रीतून कापून घेतले. एकूण ५२.४ अब्ज डॉलर मंजूर झाले, त्यातले पर्यावरणाचे सुमारे ५.३ अब्ज. शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये गेला. केवडाबाग ताई, कुवेतहून परत आलेल्या भारतीयांना ठरावीक रकमेची जी भरपाई मिळाली ती याच आयोगाकडून.

रावपुरांनी इराकी मुलांचा विषय काढला, तो इथेही लागू होतो. ही रक्कम अशा जनतेच्या तेलातून गेली जिला त्या युद्धाबद्दल कोणी विचारलं नव्हतं. मला हा गुंता सुटत नाही. तरी भरपाई नसती तर सौदी खाड्यांना कोणी हात लावला नसता, हेही खरं.

कारण दुसरं उदाहरण समोर आहे. जुलै २००६ मध्ये इस्रायलने लेबनॉनमधल्या जियेह वीजकेंद्राच्या तेलटाक्यांवर बॉम्ब टाकले. बारा ते पंधरा हजार टन जड तेल भूमध्य समुद्रात गेलं, दीडशे किलोमीटर किनारा माखला, बिब्लोसचं प्राचीन बंदरसुद्धा. नाकेबंदी चालू असल्यामुळे सफाईला सुरुवातच कितीतरी आठवडे उशिरा झाली, तोवर बरंच तेल तळाशी बसलं होतं. संयुक्त राष्ट्रांची आमसभा दर वर्षी ठराव करते की इस्रायलने भरपाई द्यावी. २०१४ मध्ये आकडाही घातला, ८५ कोटी ६४ लाख डॉलर. मिळाले नाहीत. आमसभेचा ठराव वसूल करता येत नाही, सुरक्षा परिषदेचा येतो.

---

केवडाबाग · ३ जून, रात्री ९:३५

हो, मावशीला ते पैसे मिळाले होते. त्यातून तिने शिलाई मशीन आणि मुलाची फी भरली. ते कुठून आले हे मी आज पहिल्यांदा समजून घेतलं. तिला वाचून दाखवते.

---

खंभातचावारा · ४ जून, सकाळी ८:१५

मी जंबुसरकडे नोकरी केली, चेरच्या म्हणजे तिवरांच्या लागवडीत. जुबैलच्या किनाऱ्यावर जी तिवरं आहेत तीच जात आपल्या खंभातच्या आणि कच्छच्या आखातात आहे. तिची श्वासमुळं गाळातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात. त्यांना तेलाचा लेप बसला की झाड गुदमरतं, पानं गळायला महिनाभर लागतो. लोकांना वाटतं वाचलं, आणि मग मरतं.

फरक पाण्याचा आहे. आपल्या खंभातच्या आखातात भरती-ओहोटीत दहा मीटरांवर फरक पडतो, प्रवाह असा की उभं राहवत नाही. तिकडे दीड-दोन मीटर. आखाताची सरासरी खोलीच पस्तीस मीटर, आणि बाहेर पडायला एक होर्मुझची सामुद्रधुनी. तिथलं पाणी पालटायला काही वर्षं लागतात. म्हणून तेल राहिलं.

पण आपण निर्धास्त राहण्यासारखं नाही. कोयलीला येणारं बरंचसं परदेशी कच्चं तेल कच्छच्या आखातात वाडीनारला, समुद्रातल्या बोयांवर मोठ्या जहाजांतून उतरतं आणि पाइपलाइनने इकडे येतं. त्याच आखातात जामनगरचं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८२ पासूनचं, देशातलं पहिलं. तिथल्या पिरोटन बेटाच्या प्रवाळावर गेलो होतो तेव्हा क्षितिजावर टँकर दिसत होता. तटरक्षक दलाने वाडीनारला प्रदूषणविरोधी केंद्र ठेवलंय ते त्यासाठीच. तेलगळतीचा राष्ट्रीय आराखडा १९९६ चा आहे. तरी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं धडकली तेव्हा तेल बादल्यांनी उपसलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं.

---

पोळवासी · ४ जून, रात्री १०:३०

काका, सगळा धागा दोनदा वाचला. मी बडोद्यातल्या नरसिंहजीच्या पोळीतला, म्हणजे त्या जुन्या गल्लीतला. गेल्या सप्टेंबरपासून जुबैललाच आहे, एका प्लांटमध्ये प्रोसेस इंजिनियर. इथे कोणाला विचारलं तर १९९१ चं कोणालाच माहीत नाही. शुक्रवारी सुट्टी असते. कुठे जाऊ? काय बघू?

---

जुनाबडोदेकर · ५ जून, सकाळी ७:००

बाळा, तू तिथे आहेस हे वाचून फार बरं वाटलं.

उत्तरेला दौहत अद-दफीच्या बाजूला जा. जिथे जायला मनाई असेल तिथे जाऊ नकोस, रस्त्याजवळून दिसेल तेवढंच पुरे. ओहोटीची वेळ बघून जा. एकटा जाऊ नकोस, गाळात पाय जातो. पाणी भरपूर ने. भरपाईच्या पैशातून तिथे बुजलेले ओहोळ पुन्हा खणले आहेत, म्हणजे भरतीचं पाणी खाजणाच्या आतपर्यंत जावं. पापुद्रे फोडले आहेत, जमीन उकरली आहे. ताईंनी सांगितलं तेच, श्वास द्यायचा. तसे ओहोळ दिसतात का बघ. आणि त्यांच्या काठाला खेकडे आहेत का, ते बघ. जमीन उकरायची गरज नाही. खेकडा बीळ साफ करताना खालची माती गोळ्या करून वर आणून टाकतो. ती बघितलीस की खाली काय आहे ते कळेल.

---

सूक्ष्मदर्शक · ५ जून, सकाळी ९:२०

आणि फोटो काढ रे. बिळाशेजारी नाणं ठेवून काढ, म्हणजे आकार कळेल.

---

पोळवासी · ८ जून, रात्री ११:५०

काका, ताई, शुक्रवारी जाऊन आलो. एक मल्याळी मित्र बरोबर होता. पहाटे निघालो, तरी सातलाच ऊन मी म्हणत होतं.

पहिल्यांदा काहीच वेगळं वाटलं नाही. सपाट, पांढुरकी जमीन, मीठ चकाकतंय, लांब पाण्याची रेघ. मग ओहोळ दिसला. सरळसोट, मशीनने खणलेला, हे कळतं. दोन्ही काठांना खारवट झुडपं हिरवीगार, माझ्या गुडघ्याएवढी. ओहोळापासून पन्नास-साठ पावलं लांब गेलो तर झुडपं संपली. तिथे जुनी खुंटं उभी होती, राखाडी, हात लावला की मोडणारी. जमिनीवर पापड्या. एक उचलली तर खालून डांबरासारखी. काका, तिथलचा वास तुम्ही लिहिला होतात ना, माझ्या बोटांना तोच आला असणार. मी जन्मलो त्याच्या कितीतरी आधीचं तेल ते. मित्र काही बोललाच नाही. पापडी परत जशी होती तशी ठेवली.

खेकडे आहेत. ओहोळाच्या काठाला शेकड्याने. आमची सावली पडली की सगळे एकदम आत. दहा मिनिटं न हलता बसलो तेव्हा परत बाहेर आले. दूर पाण्यात रोहित होते, पंधरा-वीस.

फोटो मेलवर पाठवलेत.

---

जुनाबडोदेकर · ९ जून, सकाळी ६:१०

फोटो रात्रीच उघडले. मोठे करून नातवालाही दाखवले. खेकड्यांचे फोटो त्याने परत परत बघितले.

एकच सांग. बिळांच्या तोंडाशी गोळ्या होत्या, त्या कोणत्या रंगाच्या होत्या? फोटोत उन्हामुळे नीट कळत नाहीये.

---

पोळवासी · ९ जून, रात्री ९:३०

काका, ओहोळाच्या अगदी काठाला पांढुरक्या, ओल्या वाळूच्या रंगाच्या. सगळ्या तशाच. वर झुडपं जिथे विरळ होतात तिथे तीन-चार बिळांपाशी काळपट होत्या. पण तिथेही बिळं ताजी होती. आतून कोणीतरी माती आणून टाकत होतं.